सुटकेनंतरची खिन्नता : वेदनाशामकांच्या व्यसनकथांमधील कोरी जागा

१

व्यसनाच्या कथेचा रूपबंध आपल्या ओळखीचा आहे. पहिली मात्रा, सुखाचे दिवस, वाढत जाणारी गरज, अधःपात आणि अखेरीस मृत्यू किंवा सुटका, अशी तिची आखणी असते. मराठी वाचकाला ही आखणी ‘एकच प्याला’पासून परिचित आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात सुधाकर मद्यत्यागाचा निर्धार करतो; परंतु प्रतिष्ठितांच्या जगात पुन्हा पाऊल टाकू पाहताच त्याच्या वाट्याला अवहेलना येते आणि तो प्याल्याकडे परततो. निर्धार आणि पुनःपतन यांच्यामधला काळ नाटकात अगदी थोडा आहे. गडकऱ्यांना शोकांतिका लिहायची होती आणि शोकांतिकेला निर्णायक क्षण लागतात. त्यामुळे हा काळ आखूड असणे हा त्या नाटकाचा दोष म्हणता येत नाही. मात्र ज्याने व्यसन सोडले आहे त्याच्या दृष्टीने सर्वांत लांब, सर्वांत निरस आणि पुष्कळदा सर्वांत धोक्याचा काळ हाच असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हा मधला काळ आहे, आणि तोही एका विशिष्ट व्यसनाच्या संदर्भात : अफू, तिच्यापासून काढलेले मॉर्फीन आणि त्याच कुळातील आधुनिक वेदनाशामके. या व्यसनाचे वेगळेपण दोन बाबतींत आहे. पहिली बाब प्रारंभाची. मद्याची कथा बहुधा मोहातून सुरू होते. वेदनाशामकाची कथा वेदनेतून सुरू होते, आणि पहिली मात्रा कित्येकदा वैद्याच्याच हातून मिळते. त्यामुळे नैतिक कथेला आवश्यक असलेले पहिले पाप येथे सापडत नाही. दुसरी बाब शेवटाची. आपल्या शरीरातच अफूसदृश द्रव्ये निर्माण होतात, हे १९७५ मध्ये एन्केफॅलिनच्या शोधाने सिद्ध झाले. वेदना सुसह्य करणे आणि सुखाची जाणीव घडवणे ही दोन्ही कामे या अंतर्गत व्यवस्थेशी निगडित आहेत. बाहेरून दीर्घकाळ मॉर्फीन मिळत राहिले की ही व्यवस्था त्याच्याशी जुळवून घेते. ते थांबल्यावर तिला पूर्वस्थितीला येण्यास वेळ लागतो. घाम, उलट्या, जुलाब, अंगदुखी, अस्वस्थता ही तीव्र लक्षणे बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतात. गर्दुल्ल्यांच्या बोलीत या अवस्थेला ‘टर्की’ असा शब्द आहे. त्यानंतर जे उरते त्याला असा ठसठशीत शब्द नाही. झोप लागत नाही, अन्नाला चव नाही, आवडते माणूस समोर असूनही काही वाटत नाही. आणि हे आठवडे, कधी कधी महिने चालू राहते.

या अवस्थेत काहीच घडत नाही. ज्या काळात काही घडत नाही तो काळ कथेत कसा आणावा, हा निवेदनशास्त्राचा प्रश्न आहे. पण तो केवळ निवेदनशास्त्राचा नाही. व्यसन सुटले म्हणजे कथा संपली, असे ज्याला रूढ कथेने शिकवले आहे, तो सुटकेनंतरच्या खिन्नतेचा अर्थ कसा लावणार? एक तर आपली सुटका झालेलीच नाही असे तो मानील, किंवा ही खिन्नता हेच आपले खरे स्वरूप आहे असे मानील. दोन्ही अर्थ त्याला त्याच बाटलीकडे परत नेतात. आणि काही काळ दूर राहिल्यामुळे शरीराची सहनशक्ती घटलेली असते; पूर्वी सहज पचणारी मात्रा आता प्राणघातक ठरू शकते. कथेचा शेवट कोठे करायचा, या रूपबंधाच्या प्रश्नाला येथे असे वजन येते. काही प्रमुख संहितांनी हा काळ कसा हाताळला, कोठे टाळला, आणि टाळताना त्यांच्या रचनेवर कोणत्या खुणा उमटल्या, हे पाहणे त्यासाठी उद्बोधक ठरेल.

२

या संपूर्ण परंपरेचा आरंभ थॉमस डी क्विन्सीच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ‍ॅन इंग्लिश ओपियम-ईटर’पासून मानला जातो. हे लेखन १८२१ मध्ये ‘लंडन मॅगझिन’मध्ये आणि १८२२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. १८०४ मध्ये डोके व चेहरा यांतील असह्य वेदनांवर उपाय म्हणून डी क्विन्सीने प्रथम अफू घेतली. १८१३ मध्ये पोटाच्या विकाराने उचल खाल्ल्यावर ती रोजची झाली. पुस्तकाची रचना ‘सुखे’ आणि ‘यातना’ अशा द्विदल तत्त्वावर आहे, आणि शेवटी निवेदक आपली बेडी जवळजवळ उकलली असल्याचे सांगतो. वाचकांनी त्याचा अर्थ सरळ लावला : लेखक मुक्त झाला. वास्तवात तो मुक्त झालेला नव्हता. म्हणून पुस्तकाच्या आवृत्तीला त्याने एक परिशिष्ट जोडले.

समीक्षकांचे लक्ष प्रायः डी क्विन्सीच्या स्वप्नवर्णनांकडे जाते. हे परिशिष्ट मागे राहते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तेच महत्त्वाचे आहे. त्यात डी क्विन्सीने एका उन्हाळ्यातील पाच आठवड्यांचे कोष्टक दिले आहे : दिवसाचे नाव आणि त्यापुढे त्या दिवशी घेतलेल्या अफूच्या अर्काचे, म्हणजे लॉडेनमचे, थेंब. आकडे उतरत जातात, मध्येच एकदम तीनशेवर उसळतात, पुन्हा उतरतात. काही दिवसांपुढे शून्य येते आणि लगेच पुढे दोनशे. एका आठवड्यातील काही दिवसांपुढे तर आकडाच नाही. तेथे हस्तलिखित खंडित असल्याचा निर्देश आहे. ज्या लेखकाच्या वाक्यांची लांबी आणि लय यांवर पुढच्या पिढ्या लुब्ध झाल्या, त्याला सुटकेच्या प्रयत्नाबद्दल बोलताना वाक्य पुरे पडत नाही. तो आकड्यांकडे वळतो, आणि आकडेही मध्येच थांबतात. मुख्य संहितेने ज्याला जागा दिली नाही ते परिशिष्टात आले, आणि परिशिष्टातही त्याच्या मध्यभागी कोरी जागा राहिली. ही कोरी जागा योगायोगाची असू शकेल. पण डी क्विन्सीने ती भरून काढली नाही, वा झाकलीही नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

डी क्विन्सीचा ज्येष्ठ समकालीन कोलरिज याच्या बाबतीत हीच विभागणी साहित्यप्रकारांच्या पातळीवर दिसते. १८१४ मधील त्याच्या पत्रांत अफूचा उल्लेख उघड आहे. आपली बुद्धी शाबूत असून बिघाड इच्छाशक्तीत झाला आहे, असे निदान तो स्वतःच करतो. व्यसनाला दुर्गुण न मानता संकल्पशक्तीचा आजार मानणारे हे निदान त्या काळाच्या मानाने विलक्षण आहे. पण ही स्पष्टता कवितेत येत नाही. ‘द पेन्स ऑफ स्लीप’ ही कविता १८०३ मध्ये, स्कॉटलंडच्या प्रवासात अफूपासून दूर राहण्याचा तो प्रयत्न करीत असताना लिहिली गेली आणि १८१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दुःस्वप्ने आहेत, लज्जा आहे, आपल्यासारख्याला ही शिक्षा का, हा आक्रोश आहे. अफूचे नाव मात्र नाही. कारणाचा उच्चार टाळल्यामुळे कवितेच्या अर्थविश्वात एक पोकळी निर्माण होते आणि ती अपराधभावाने भरली जाते. जे शरीराचे होते ते आत्म्याचे ठरते.

१८०२ मधील ‘डिजेक्शन : अ‍ॅन ओड’ या प्रसिद्ध कवितेविषयी अधिक सावधपणे बोलले पाहिजे. तिच्या मुळाशी निष्फळ प्रेम आहे, कविप्रतिभा आटल्याची जाणीव आहे. तिला केवळ अफूच्या खात्यावर जमा करणे म्हणजे कवितेला रोगलक्षण समजणे होईल. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. तीव्र शोक आणि निर्जीव, ओलावा नसलेले दुःख यांतील भेद इतक्या नेमकेपणाने फार थोड्या कवितांनी पकडला आहे. आकाशातील सौंदर्य डोळ्यांना दिसते पण आत पोचत नाही, ही तिच्यातील केंद्रवर्ती अनुभूती सुटकेनंतरच्या खिन्नतेशी तंतोतंत जुळते. एप्रिल १८१६ मध्ये कोलरिज हायगेट येथे डॉ. जेम्स गिलमन यांच्या घरी उपचारासाठी राहायला गेला. थोड्या मुदतीचा हा मुक्काम १८३४ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत, अठरा वर्षे चालला. अफू पूर्णपणे सुटली नाही. पण घर, देखरेख, संभाषण आणि काम यांच्या आधाराने आयुष्य उभे राहिले. कोलरिजच्या जीवनातील हा कदाचित सर्वांत बोधप्रद भाग असेल. त्याला मात्र ‘डिजेक्शन’च्या तोडीची कविता मिळाली नाही.

३

मिखाइल बुल्गाकोवची ‘मॉर्फीन’ ही कथा १९२७ च्या अखेरीस एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, ही गोष्ट तिच्या वाचनात महत्त्वाची ठरते. तिचे पहिले वाचक डॉक्टर होते. कथेची रचना दुहेरी आहे : डॉ. बोमगार्द हा चौकटीचा निवेदक, आणि त्याच्या हाती आलेली डॉ. पोल्याकोव या मृत सहाध्यायाची रोजनिशी. पोल्याकोवला पोटात असह्य कळा येतात, परिचारिका आन्ना त्याला मॉर्फीनचे इंजेक्शन देते, आणि १९१७ च्या प्रारंभापासून १९१८ च्या फेब्रुवारीपर्यंत, रशियन क्रांतीच्या पार्श्वभूमीवर, त्याचा एकट्याचा ऱ्हास चालू राहतो. मॉस्कोतील रुग्णालयातून तो उपचार अर्धवट टाकून निघून येतो. शेवट आत्महत्येत होतो.

या रोजनिशीत एक स्थळ असे आहे की जेथे आपला विषय थेट भाषेचा विषय बनतो. मॉर्फीन न मिळालेल्या रुग्णाच्या अवस्थेला वैद्यकाने ‘खिन्न अवस्था’ असे सौम्य नाव दिलेले आहे. पोल्याकोव, स्वतः वैद्य असल्याने, ते नाव आधी वापरतो आणि मग खोडून काढतो. ही खिन्नता नव्हे, हे सावकाश येणारे मरण आहे, असे तो म्हणतो आणि आपल्या व्यवसायबंधूंना रुग्णांविषयी अधिक करुणा बाळगण्याची विनवणी करतो. एकाच माणसात निदान करणारा आणि निदान सोसणारा असे दोघे आहेत, आणि पारिभाषिक संज्ञेवरून त्यांच्यात भांडण जुंपले आहे. वैद्यकीय संज्ञा बाहेरून पाहते; तिचे काम वर्गीकरणाचे आहे. ती खोटी नाही. परंतु ज्याच्यावर ती लावली जाते त्याच्या अनुभवाचा आवाका तिच्यात मावत नाही. बुल्गाकोवने हा वाद वैद्यकीय नियतकालिकाच्या पानांवर, वैद्यांच्याच समोर मांडला.

याच रोजनिशीतील पाने कापलेली आहेत. मधली सुमारे वीस पाने नाहीत, असे संहिताच सांगते. डी क्विन्सीच्या कोष्टकातील रिकाम्या ओळी आणि पोल्याकोवची कापलेली पाने यांचे साम्य वरवरचे नाही. दोन्ही ठिकाणी ज्या काळाला शब्द मिळाले नाहीत तो काळ अनुपस्थितीच्या खुणेने दाखवला आहे. फरक इतकाच की डी क्विन्सीच्या लेखनात ही खूण मुख्य संहितेबाहेर पडली; बुल्गाकोवने तिला रचनेचा भाग केले.

येथे चरित्रातील एक तथ्य कथेच्या विरोधात उभे राहते. बुल्गाकोव स्वतः १९१७ मध्ये स्मोलेन्स्क प्रांतात ग्रामीण डॉक्टर असताना मॉर्फीनच्या आहारी गेला होता, आणि तो त्यातून बाहेर पडला. त्याची पहिली पत्नी तात्याना लाप्पा हिच्या आठवणींनुसार, कीवला परतल्यावर ती मॉर्फीनच्या द्रावात ऊर्ध्वपातित पाणी मिसळत गेली. पोल्याकोव मेला; बुल्गाकोव जगला. जगलेल्या माणसाने मेलेल्याची कथा लिहिली, आणि आपल्या जगण्याची, त्या पातळ होत गेलेल्या द्रावाच्या आठवड्यांची, कथा लिहिली नाही.

४

ज्याँ कोक्तोचे ‘ओपियम’ (१९३०) हे पुस्तक या पार्श्वभूमीवर वेगळे उठून दिसते, कारण त्याचे उपशीर्षकच व्यसनमुक्तीची रोजनिशी असे आहे. कोक्तोची अफू वेदनाशामक म्हणून सुरू झालेली नव्हती. डिसेंबर १९२३ मध्ये रेमाँ रादिगे या तरुण लेखकमित्राच्या मृत्यूनंतर तो तिच्याकडे वळला. म्हणजे वेदना होती, पण शरीराची नव्हती. डिसेंबर १९२८ ते एप्रिल १९२९ या काळात सँ-क्लू येथील उपचारगृहात लिहिलेली टिपणे आणि रेखाटने यांतून हे पुस्तक तयार झाले.

‘ओपियम’मध्ये कथानक नाही. अफूविषयीचे एक टिपण, मग नाटकाविषयी, मग एखादी आठवण, मग नळ्यानळ्यांनी बनलेल्या मनुष्याकृतींची रेखाटने. ही खंडितता आधुनिकतावादी शैलीचा भाग आहे, हे खरे. पण तिला दुसरेही कारण आहे. ज्याचे चित्त एका गोष्टीवर दहा मिनिटे टिकत नाही त्याला लिहिता येईल असा हा प्रकार आहे. आणि रेखाटने तेथे येतात जेथे टिपणही शक्य होत नाही. डी क्विन्सीने ज्या जागी आकडे मांडले त्या जागी कोक्तो रेषा काढतो.

कोक्तोचे आणखी एक निरीक्षण वैद्यकाला उद्देशून आहे. उपचार संपल्यावरचा काळ हाच सर्वांत वाईट आणि सर्वांत धोक्याचा, असे तो स्पष्टपणे नोंदवतो : शरीर निरोगी, पण त्यात एक भोक आणि अमर्याद दुःख. डॉक्टर आपले काम प्रामाणिकपणे पूर्ण करतात आणि रुग्णाला आत्महत्येच्या स्वाधीन करतात, असा त्याच्या टिपणाचा कडवट आशय आहे. अफू काढून घ्यायची आणि तिच्या जागी काहीच द्यायचे नाही, याला त्याचा आक्षेप आहे. त्याच्या अफूप्रशस्तीत रंजकतेचा मोह पुष्कळ आहे, आणि वाचकाने तिच्याकडे संशयाने पाहावे हे बरे. हा आक्षेप मात्र पुढे वैद्यकाने एका अर्थी मान्य केला. डोल आणि निस्वांडर यांनी १९६५ मध्ये मेथाडोनचा दीर्घकालीन उपचार पुढे आणला. नंतर ब्युप्रेनॉर्फिन आले. केवळ शरीरातून द्रव्य काढून टाकणे म्हणजे उपचार नव्हे, दीर्घकाळचा औषधी व मानसिक आधार मृत्यू टाळतो, हे आज सर्वमान्य आहे. कोक्तोने ज्याला भोक म्हटले त्याची दखल घेण्यास वैद्यकाला काही दशके लागली.

५

यूजीन ओनीलने १९४१ मध्ये पूर्ण केलेले आणि १९५६ मध्ये प्रकाशित झालेले ‘लाँग डेज जर्नी इन्टु नाइट’ हे नाटक हा प्रश्न व्यक्तीकडून कुटुंबाकडे नेते. १९१२ च्या ऑगस्टमधील एकच दिवस, टायरोन कुटुंबाचे उन्हाळी घर, आणि दोन महिन्यांपूर्वी उपचार घेऊन परतलेली मेरी. धाकट्या मुलाच्या जन्मानंतरच्या दुखण्यावर एका हॉटेलातील स्वस्त डॉक्टरने दिलेले मॉर्फीन हे तिच्या व्यसनाचे मूळ आहे.

पहिल्या अंकाचे वाचन बहुधा मेरी पुन्हा मॉर्फीनकडे केव्हा वळते या उत्सुकतेने केले जाते. पण हा अंक सुटकेनंतरच्या खिन्नतेचा सर्वांत सूक्ष्म नाट्याविष्कार आहे. मेरीचे वजन वाढले म्हणून नवरा खूश आहे. ती रात्री वेगळ्या खोलीत झोपायला गेली म्हणून थोरला मुलगा साशंक आहे. धाकटा एडमंड आजारी आहे आणि त्याच्या आजाराचे नाव कोणी घेत नाही. तिचे हात संधिवाताने वाकले आहेत. तिला मैत्रिणी नाहीत, खरे म्हणावे असे घर नाही. खिन्न होण्यासाठी कोणाही माणसाला पुरेशी अशी ही कारणे आहेत. तथापि मेरीला खिन्न होता येत नाही. तिच्या आवाजातील प्रत्येक चढउतार, हातांची प्रत्येक हालचाल तीन पुरुष लक्षण म्हणून वाचतात. ती हसली तर अधिक हसली, गप्प बसली तर अधिक गप्प बसली. सामान्य माणसाला दुःखाचा जो सहज अधिकार असतो तो तिने गमावला आहे. तिचे दुःख कोणत्याही गोष्टीविषयी असू शकत नाही; ते फक्त मॉर्फीनविषयीच असू शकते.

तिघांचेही तिच्यावर प्रेम आहे, आणि पूर्वानुभव पाहता त्यांची शंका निराधार नाही. म्हणूनच हा पेच सुटत नाही. पाहणारे वाचक बनले आहेत, आणि त्यांच्यापाशी एकच कथा आहे. तिच्या प्रत्येक कृतीला ते त्या कथेतील पुढच्या प्रसंगाची सूचना मानतात. शेवटी ती कथा खरी ठरते. नजरेने पतन घडवले असे ओनील म्हणत नाही. पण विश्वासाची मागणी करणारी मेरी आणि विश्वास ठेवू न शकणारे कुटुंबीय यांच्यामध्ये तिच्या खिन्नतेला वस्तीची जागा उरत नाही, हे तो दाखवतो.

येथेही चरित्र नाटकाच्या विरोधात जाते. मेरीचे मूळ असलेली ओनीलची आई, एला, १९१४ मध्ये मॉर्फीनपासून मुक्त झाली आणि १९२२ मध्ये तिचा मृत्यू झाला. ओनीलने १९१२ हे वर्ष निवडले. आणखी दोन वर्षे पुढे गेल्यावर जे घडले ते त्याला ठाऊक होते. नाटकात त्याची चाहूलही नाही. बुल्गाकोवप्रमाणेच येथेही प्रत्यक्षात जी सुटका झाली ती कलाकृतीने बाहेर ठेवली. या निवडीमागे कलात्मक प्रामाणिकपणा आहे, हे मान्य करूनही प्रश्न उरतो : सुटका ही कलेच्या दृष्टीने इतकी अडचणीची का असावी?

६

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी आपल्या काव्यशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. भरताने तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले. निर्वेद, ग्लानी, आलस्य, दैन्य, चिंता, जडता, विषाद ही त्यांतली नावे एकत्र ठेवली की सुटकेनंतरच्या खिन्नतेचे वर्णनच तयार होते. पण व्यभिचारी भावाचे लक्षण हे की तो येतो आणि जातो. स्थायी भावाला पुष्ट करणे हे त्याचे कार्य. येथे अडचण अशी की हे सारे संचारी भाव आहेत, आणि ज्याला त्यांनी पुष्ट करायचे तो स्थायीच जागेवर नाही. रती, हास, उत्साह या भावांना आतून प्रतिसाद मिळत नाही. स्थायीवाचून संचारी, अशी ही अवस्था आहे. तिच्यातून रसनिष्पत्ती होणार कशी? पाश्चात्त्य परिभाषेत ज्याला कथानकाचा अभाव म्हणता येईल, त्याचेच हे दुसऱ्या बाजूने केलेले वर्णन आहे.

या अडचणीतून सुटण्याचा एक सोपा मार्ग परंपरेतच आहे आणि तो फसवा आहे. निर्वेदाला शांत रसाचा स्थायी मानण्याचा पक्ष मम्मटाने मांडला. खिन्नतेला वैराग्याची पहिली पायरी ठरवले, की सुटकेची कथा धर्मांतराच्या कथेसारखी सुघड होते : पतन, विषाद, प्रबोध, शांती. व्यसनमुक्तीवरच्या कित्येक आत्मकथनांचा कल या दिशेने असतो. परंतु तत्त्वज्ञानातून येणारा निर्वेद वेगळा आणि आपत्ती, व्याधी यांतून येणारा वेगळा, हा भेदही आपल्याच शास्त्रकारांनी केलेला आहे. मॉर्फीन सोडलेल्या माणसाला जग निःसार वाटते ते त्याला जगाचे तत्त्व कळले म्हणून नव्हे. त्याची सुखाची यंत्रणा अजून दुरुस्त होते आहे म्हणून. या निर्वेदाला शहाणपण समजणे धोक्याचे आहे. त्याच्यावर विश्वास ठेवला तर जगण्यासारखे काही नाही हाच निष्कर्ष निघेल.

उलट, त्याला व्यभिचारी म्हणण्यातच खरा दिलासा आहे. खिन्न माणसाला आपली अवस्था स्थायी वाटते. ती संचारी आहे हे वैद्याला ठाऊक असते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. जे लेखन या दोन्ही सत्यांना एकाच वेळी धरून ठेवील, म्हणजे खिन्नतेच्या आतून तिचे अनंतपण दाखवील आणि तरीही तिला अंतिम मानणार नाही, तेच या काळाचे लेखन ठरेल.

अलीकडच्या काळात असे प्रयत्न होत आहेत. १९९६ नंतर अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिनसारख्या गोळ्यांच्या प्रसाराने जे संकट उभे राहिले त्यातून मोठे साहित्य निर्माण झाले. त्यातील बरेचसे कंपन्यांच्या अपराधाचे आहे, आणि ते आवश्यकही आहे. पण त्याचा रूपबंध गुन्हेशोधाचा आहे. ट्रॅव्हिस रीडर या जीवनीतिशास्त्रज्ञाचे ‘इन पेन’ (२०१९) त्याहून वेगळे आहे. २०१५ मधील मोटारसायकल अपघातात पाय चिरडल्यावर त्याला डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके सोडताना कोणीच नीट मार्गदर्शन केले नाही. मात्रा फार वेगाने कमी केली गेली. त्या आठवड्यांतील रडू, निद्रानाश आणि आपण पूर्ववत होणारच नाही ही खात्री यांचे त्याने केलेले वर्णन साधे आहे. शरीराचे अवलंबन आणि व्यसन यांत तो जो काटेकोर भेद करतो, त्यामुळे अपराधभावाला आत शिरायला जागा उरत नाही. कोलरिजच्या कवितेत जे घडले त्याच्या हे नेमके उलट आहे. लेस्ली जेमिसनने ‘द रिकव्हरिंग’मध्ये (२०१८) तर मद्याच्या संदर्भात हाच प्रश्न विचाराच्या केंद्रस्थानी आणला : बरे होण्याची कथा बिघडण्याच्या कथेइतकी वाचनीय होऊ शकते काय?

मराठीत या प्रश्नाचे एक उत्तर अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ आणि ‘मुक्तांगणची गोष्ट’ या दोन पुस्तकांच्या संबंधात शोधता येते. गर्द हे वेदनाशामक म्हणून घेतले जात नसले तरी त्याचे कूळ अफूचेच आहे. ‘गर्द’ हे शोधलेखन आहे. त्याचा वेग पतनकथेचा आहे. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची हकीकत सांगणाऱ्या दुसऱ्या पुस्तकाचा वेग निराळा आहे. तेथे नायक एक नाही. दिनक्रम, सभा, काम, गप्पा, घसरून पुन्हा आलेली माणसे, अशा आवर्तनांतून ते पुढे सरकते. ‘फक्त आजचा दिवस’ हे व्यसनमुक्तांच्या गटांचे सूत्र निवेदनाच्या भाषेत सांगायचे तर कथानकाचा त्याग आहे : शेवटाचा विचार करायचा नाही, एक दिवस हे पूर्ण एकक मानायचे. डी क्विन्सीचे कोष्टक, कोक्तोची टिपणे आणि हे सूत्र यांत एक नाते आहे. तिन्ही ठिकाणी दिवस हे माप आहे.

७

वरील विवेचनातून एक निष्कर्ष काढता येतो. सुटकेनंतरच्या खिन्नतेला साहित्यात स्थान मिळाले नाही असे नाही. ते मुख्य रूपांच्या कडेला मिळाले. परिशिष्ट, पत्र, कोष्टक, कापलेली रोजनिशी, टिपण, रेखाटन ही तिची घरे आहेत. महाकथनाने जे बाहेर टाकले ते या गौण प्रकारांनी सांभाळले. समीक्षेने आजवर या प्रकारांना मुख्य कृतीच्या आकलनाची साधने मानले; या विषयापुरता तरी तो क्रम उलटा करणे भाग आहे. डी क्विन्सीचा शोध त्याच्या स्वप्नांत घ्यावा तसाच त्याच्या थेंबांच्या आकड्यांतही घ्यावा लागेल, आणि जेथे आकडा नाही तेथे अधिक.

दुसरे असे की येथे वाचन हीदेखील नैतिक कृती आहे. टायरोन कुटुंबाचे अपयश हे वाचनाचे अपयश आहे : एकच कथा माहीत असल्याने त्यांनी मेरीचे प्रत्येक वाक्य त्या कथेत बसवले. व्यसनमुक्तांची आत्मकथने वाचताना समीक्षकही तेच करीत असतो. पतनाचा भाग प्रभावी आणि नंतरचा भाग रटाळ, हा अभिप्राय आपण किती सहजपणे देतो! तो रटाळपणा हाच कदाचित त्या लेखनाचा आशय असेल. तीच तीच सकाळ, न लागणारी झोप, चव नसलेला चहा आणि तरीही न घेतलेली गोळी, एवढ्याचीच नोंद करणारे पान कंटाळवाणे आहे म्हणून बाजूला सारायचे, की ज्या काळाला बुल्गाकोव आणि ओनील यांनीही शब्द दिले नाहीत त्याची ती नोंद आहे म्हणून थांबून वाचायचे, हे अखेर वाचकानेच ठरवायचे आहे.